पुण्याहून स्वतःच्या गाडीने स्पिती: बेत तपासून द्याल का?

निळाघाट:

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून गाडी काढून हिमाचलातल्या स्पितीला जायचं घाटतंय. आम्ही चौघं: मी, बायको, तेरा वर्षांचा मुलगा आणि आई. आई सदुसष्ट वर्षांची, बीपीची गोळी चालू, बाकी तब्येत ठणठणीत. गाडी छोटी एसयूव्ही, १.२ लिटर पेट्रोल, टर्बो नाही, एएमटी (क्लच आपोआप दाबला जाणारा ऑटोमॅटिक गिअर), ग्राउंड क्लिअरन्स साधारण १८० मिमी. हाताशी १४ दिवस.

कच्चा बेत: दोन दिवसांत दिल्ली, तिसऱ्या दिवशी मनाली, चौथ्या दिवशी चंद्रताल तळ्यापाशी तंबूत मुक्काम, पाचव्या दिवशी स्पितीचं मुख्य गाव काझा. तिथे तीन रात्री आणि मग किन्नौर-शिमल्याकडून परत.

विचारायचं ते असं. वाटेचा क्रम बरोबर आहे का? गाडी कुंझुम खिंड चढेल का, नाल्यांतून निघेल का? पेट्रोलचे कॅन सोबत घ्यावेत का? आणि आईला न्यावं की नको?

सतलजकाठ:

आईंना जरूर न्या, पण बेत उलटा करा. तुमच्या क्रमात मनाली सुमारे २,०५० मीटरवर आणि दुसऱ्याच रात्री चंद्रताल ४,२५० च्या वर. झोपण्याची उंची एका दिवसात २,२०० मीटरनं वाढते. अशा चढाईत धडधाकट तरुणाचंही डोकं ठणकतं आणि पोटात ढवळतं. शिवाय तंबू, रात्री शून्याच्या आसपास थंडी, मोबाइलला रेंज नाही आणि दवाखाना काही तासांवर.

शिमल्याकडून गेलं की उंची हप्त्याहप्त्यानं मिळते. मुक्काम असे धरा:

चंदीगड ते नारकंडा (२,७०० मी.), सुमारे १८० किमी. शिमला शहरात शिरू नका, बायपास धरा.
नारकंडा ते सांगला (२,७०० मी.), रामपूर, वांगतू, करछममार्गे. अंतर १६५ च्या घरात, पण सात तास लागतात.
सकाळी चितकुल (३,४५० मी.) पाहून कल्पा (२,९६० मी.). कल्प्यात दोन रात्री.
कल्पा ते ताबो (३,२८० मी.), १६० किमी.
ताबो, धनकर, काझा. काझा ३,७०० च्या आसपास. तीन रात्री.
काझा ते मनाली.

यात दोन गोष्टी मुद्दाम आहेत. बरेच जण कल्प्यानंतर नाकोला थांबतात. नाको ३,६६० वर, म्हणजे जवळजवळ काझाएवढंच. तिथे तळं बघा, जेवा आणि पुढे ताबोला उतरून झोपा. दिवसा उंची चाखायची आणि रात्री खाली यायचं, शरीराला हेच मानवतं. शिवाय ताबोचा गोंपा (बौद्ध मठ) इ. स. ९९६ चा आहे. मातीच्या भिंतींच्या आत त्या काळची चित्रं अजून आहेत, म्हणून सकाळचे दोन तास त्याला द्या. आत फोटो काढू देत नाहीत. टॉर्च मात्र न्या, आत चांगलाच अंधार असतो.

दुसरं, कल्प्याच्या दोन रात्री कापू नका. काझात कुणाला त्रास झाला तर पटकन खाली उतरायला जागाच नाही. ताबो फक्त चारशे मीटर खाली आहे, आणि तीन हजारांच्या आत यायचं तर कल्प्याकडे २०० किमी मागे यावं लागतं. दुसऱ्या बाजूला आधी कुंझुम चढायचा, मग मनाली. त्यामुळे शरीराची तयारी आधीच झालेली हवी.

दिवसांचं गणित मात्र बसत नाही. पुणे ते चंदीगड तीन दिवस: पहिला मुक्काम बडोदा, दुसरा अजमेर, तिसऱ्या दिवशी जयपूरवरून नारनौलला १५२ डी महामार्ग पकडायचा, म्हणजे दिल्ली टळते. मग डोंगरातले नऊ दिवस. मनालीहून पुणे चार दिवस. झाले सोळा, आणि दरड पडली तर एक राखीव. चौदातच बसवायचं असेल तर विमानानं चंदीगड गाठा आणि तिथून भाड्यानं गाडी घ्या. ती काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. ओळखीतून पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्यानं घेतली तर अपघात झाल्यावर विमा कंपनी हात वर करते.

तारखाही दहा दिवस पुढे ढकला. स्पिती पर्जन्यछायेत आहे, पण किन्नौरच्या वाटेवरचा रामपूर ते पिओ (रेकाँग पिओ) हा पट्टा नाही. हिमाचलातून पाऊस निघतो साधारण सप्टेंबरच्या अखेरीस. ऑगस्ट २०२१ मध्ये निगुलसरीला दरड कोसळून एसटीसह गाड्या गाडल्या गेल्या होत्या, त्या याच रस्त्यावर. पाऊस चालू असेल तर त्या पट्ट्यात थांबून राहणं हाच शहाणपणा.

मैलाचादगड:

वरचं सगळं मान्य, पण मनालीकडून आत शिरणारे शेकड्यांनी आहेत. ३ ऑक्टोबर २०२० ला अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांग खिंड चढावी लागत नाही, थेट पलीकडे सिस्सू गावाला निघता. दोन दिवस वाचतात. मनालीत दोन रात्री काढल्या की झालं.

सतलजकाठ:

मनालीत दोन काय, चार रात्री काढल्या तरी २,०५० वरच काढणार. त्यानं थकवा जातो, उंचीची सवय होत नाही. सिस्सूत (३,१०० मी.) दोन रात्री म्हणाला असतात तर ऐकलं असतं. आणि दुसरं कारण रस्त्याचं आहे. सगळ्यात वाईट ५० किमी, ग्राम्फू ते बातल, पहिल्याच दिवशी अंगावर घ्यायचे, तेही नव्या चालकानं आणि आई मागच्या सीटवर असताना? किन्नौरकडून आलात तर कुंझुमचा निर्णय काझात बसून घेता येतो. सप्टेंबर २०१८ च्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अवेळी बर्फ पडून लाहौल-स्पितीत कितीतरी प्रवासी अडकले होते. काझाच्या पोलिस ठाण्यात आदल्या संध्याकाळी विचारायचं. रस्ता बंद म्हणाले की आल्या वाटेनं परत फिरायचं, आणि म्हणूनच तो राखीव दिवस.

बारातेराचा_पाना:

गाडीचं मी सांगतो.

चढेल. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी घटते. कुंझुमवर (सुमारे ४,५५० मी.) ८३ बीएचपीचे पन्नासेक उरतात. चौघं आणि डिकीतलं सामान एवढं ओढायला ते पुरतात. टपावर कॅरिअर लावून त्यावर संसार बांधू नका. वजन तर वाढतंच, वळणावर गाडी डुलतेही. एएमटी मॅन्युअल मोडला टाका आणि चढावर पहिल्या-दुसऱ्यात ठेवा, नाहीतर ती आपल्या मनानं गिअर वर टाकते आणि दम तोडते. दगडांतून इंच-इंच सरकताना अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका. एएमटीच्या आत साधा क्लचच असतो आणि तो जळतो. थांबायचं असेल तर हँडब्रेक. वास आला की बाजूला घेऊन वीस मिनिटं गार होऊ द्या.

उतारावर ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर निघण्यापूर्वी बदला. ते हवेतलं पाणी शोषतं, मग तापल्यावर त्यात वाफ धरते आणि पॅडल जमिनीला टेकतं. पॅड निम्म्याहून झिजलेले असतील तर तेही बदला.

पुण्यातल्या गाड्यांत एक गोष्ट हमखास सापडते: कूलंटच्या टाकीत वर्षानुवर्षं नळाचं पाणी वाढवलेलं असतं. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी असेल तर उणे ३५ च्या आसपासही गोठत नाही. पण पातळ झालं की भरवसा संपला. पूर्ण काढून नव्यानं भरून घ्या. काचेच्या वॉशरमध्येही साधं पाणी नको.

टायर. स्टेपनी पूर्ण मापाची हवी, बारकी असेल तर तिच्यावर बातलचे दगड सोसणार नाहीत. पंक्चरच्या दोऱ्या तळव्याच्या भोकाला चालतात, साइडवॉलला चीर गेली की उपयोग नाही. म्हणून त्याच मापाची एक ट्यूब ठेवा, काझात टायरवाला ती घालून देईल. १२ व्होल्टचा पंप, आणि कंपनीचा जॅक खाली ठेवायला एक फळकूट. नदीकाठच्या वाळूत जॅक नुसता रुततो. दगडांवर हवा कमी करायचा सल्ला मिळेल, तो वाळूचा सल्ला आहे, इथे ऐकू नका. हवा कमी केली की साइडवॉल बाहेर फुगते आणि नेमकी तिथेच चीर जाते. उंचीवर बाहेरचा दाब घटल्यानं गेजवर तीन-चार पीएसआय जास्त दिसतील, पहाटेच्या थंडीनं तेवढेच उतरतील. सकाळी गार टायरवर मोजा.

आता नाले. बातल ते छत्रू यांच्यामध्ये हिमनद्यांचं पाणी रस्त्यावरून वाहतं. ऊन वाढेल तसं ते वाढतं, त्यामुळे सकाळी नऊला गुडघ्याखाली असलेला नाला दुपारी तीनला भलताच निघतो. काझातून पहाटे पाचला निघा, म्हणजे दहापर्यंत बातल मागे पडतं. सप्टेंबरअखेरीस वितळणं कमी झालेलं असतं, हा तारखा पुढे ढकलण्याचा आणखी एक फायदा. नाल्यापाशी आधी थांबून पुढची गाडी कुठून जाते, तिची चाकं किती बुडतात ते बघा. चाकाच्या मध्यापर्यंत पाणी असेल तर जा. पहिला गिअर, एकसारखा पाय, मध्ये सोडायचा नाही. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्ट मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि तीस हजारांचं काम लाखावर जातं. गाडी ओढून बाहेर काढा, एअर फिल्टर उघडून बघा. ओला असेल तर स्टार्टरला हातच लावू नका. दोरी तुमची हवी, आणि ती अडकवायचा हुक कुठे आहे ते पुण्यातच बघून ठेवा. बहुतेक गाड्यांत तो स्क्रूचा असतो आणि टूलकिटमध्ये पडलेला असतो.

पेट्रोलचे कॅन नकोत. पोवारीला (पिओच्या खाली) टाकी भरा. तिथून काझा सुमारे २०० किमी, आणि काझात पंप आहे. पोचल्या पोचल्या भरा, निघायच्या दिवसावर ठेवू नका, टँकर उशिरा आला की रांग लागते. काझातली भटकंती शंभरेक किमी, पुढे मनालीपर्यंत पुन्हा २००, आणि मध्ये पंप नाही असंच धरून चला. अ‍ॅव्हरेज लिटरला दहा धरलं तरी तुमच्या टाकीत बसतं. उलट प्लॅस्टिकच्या कॅनमधलं पेट्रोल उंचीवर वाफ धरतं, कॅन फुगतो, आणि तो वास चौघांच्या नाकात, त्यात घाटाची वळणं. उलट्यांना आमंत्रणच.

मेतकूट:

औषधाचं आणि पोटाचं थोडं.

अ‍ॅसिटाझोलामाइड (डायमॉक्स) फार जण परस्पर घेतात. प्रतिबंधासाठी नेहमीचा डोस १२५ मिलिग्रॅम दोनदा, चढण सुरू व्हायच्या आदल्या दिवसापासून. पण आईंची बीपीची गोळी कोणती आहे ते बघून डॉक्टरांनीच ठरवू द्या. काही गोळ्या मुळात लघवी वाढवणाऱ्या असतात, त्यात ही पण तशीच. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर तेही आधी सांगा. डोकं दुखणं, भूक मरणं यावर विश्रांती आणि पाणी, त्या दिवशी आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप, छातीत खरखर, बोलण्यात किंवा चालण्यात गडबड दिसली तर सकाळची वाट न बघता ऑक्सिजनसाठी काझाचा सरकारी दवाखाना. पहिल्या दिवशी काझात लांगझा-हिक्किम-कॉमिक नको. तिन्ही ४,४०० च्या आसपास किंवा वर. आधी की गोंपा, किब्बर आणि चिचमचा पूल, दुसऱ्या दिवशी ती गावं. हिक्किमच्या पोस्टातून पत्रं टाकायची असतील तर पत्ता पिनकोडसह घरूनच लिहून न्या.

पाणी तिथे ८७-८८ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. स्वतः रांधणार असाल तर दोन-अडीच लिटरचा कुकर घ्या. नसाल तर थुक्पा, मोमो, राजमा-भात सगळीकडे मिळतो. आईंसाठी भाजणी आणि मेतकूट बरोबर ठेवा, उंचीवर भूक मेली की गुरगुट्या भातच आत जातो.

रोख रक्कम पिओतच काढा. काझात एटीएम आहे, पण त्यात पैसे असतीलच असं नाही. रेंज गेली की यूपीआयही गेलं. भारतीयांना शिमला-काझा-मनाली वाटेवर परमिट लागत नाही, फक्त चौकीवर नाव-गाडी नोंदवतात. सगळ्यांची आधार कार्डं एका पाकिटात पुढे ठेवा.

निळाघाट:

सगळ्यांचे आभार. बेत उलटवला. रजा सतरा दिवसांची करून घेतली, निघणं १९ सप्टेंबरला. आई आधीच भाजणी दळायला टाकते म्हणाली. एकच उरलं: चंद्रताल वगळायचा का? मुलगा त्याच्याचसाठी येतोय.

सतलजकाठ:

वगळू नका, फक्त तिथे झोपू नका, आणि त्याच दिवशी मनालीपर्यंत ताणू नका. राखीव दिवस इथे खर्च करायचा असेल तर असं करा: काझातली तिसरी रात्र कुंझुमच्या अलीकडच्या लोसर गावात (सुमारे ४,१०० मी.) टाका. तोवर आईंना चार दिवस उंचीवर होऊन गेलेले असतील. लोसरहून पहाटे निघालात की कुंझुम १८-१९ किमी. तो उतरून बातलच्या अलीकडे चंद्रतालचा फाटा, तिथून आत बारा-चौदा किमी, एकेरी आणि कड्यावरचा रस्ता. समोरून गाडी आली तर कुणी तरी मागे घ्यायची असते, म्हणून जाताना मोकळ्या जागा लक्षात ठेवत जा. पार्किंगपासून तळं किलोमीटरभर पायी. आईंना धाप लागत असेल तर त्यांनी गाडीत बसावं आणि कुणी तरी सोबत राहावं. साडेनवाच्या आत परत फाट्यावर या, बातलच्या ढाब्यावर खाऊन छत्रूकडे, आणि रात्री मनालीऐवजी सिस्सूला थांबा. बोगदा दुसऱ्या दिवशी.

आईंची रात्र लोसरला बरी गेली नाही, तर सकाळी तळं सोडून थेट खाली. मुलाला हे पुण्यातच सांगून ठेवा.

बारातेराचा_पाना:

आणि लोसरला रात्री वायपर काचेवरून उचलून ठेवा. सकाळी गोठलेल्या काचेवर वायपर चालवला की रबर तिथेच राहतं. काच खरवडायला जुनं एटीएम कार्ड पुरतं, गरम पाणी ओतू नका, तडकते. हँडब्रेकही ओढून ठेवू नका, दिवसभर नाल्यांतून आलेली गाडी असते, ब्रेकचे शूज ड्रमला चिकटतात. सपाट जागी लावा, चाकामागे-पुढे दगड ठेवा. एएमटीला बंद करताना गिअरमध्ये ठेवून बंद करा, न्यूट्रलमध्ये नको.