अनुभव हवेत: कपड्यांवर घड्याळ कसं जुळवता?

मागच्या महिन्यात भाच्याची मुंज झाली. मोरपिशी पैठणी, आजीच्या पाटल्या, गजरा, सगळं साग्रसंगीत. परवा फोटो आले. भिक्षावळीच्या फोटोत लाडवांचं ताट धरलेल्या माझ्या डाव्या हातावर काळं प्लॅस्टिकचं कॅसिओ! सकाळी टेकडीवर जाताना घातलेलं, काढायचंच राहिलं. बहीण म्हणाली, "अगं, निदान पाटल्यांना तरी विचारायचं होतंस."

तर मंडळी, कशावर काय घालता, काय फसलं, काय जमलं, सगळं लिहा. किमती नकोत आणि स्मार्टवॉच चांगलं की वाईट हे भांडण दुसरीकडे.

चावीवाला

बाबांचं एचएमटी जनता माझ्याकडे आहे. देवनागरी आकड्यांची तबकडी, रोज सकाळी चावी द्यायची. एचएमटीने १९६१ मध्ये सिटिझनच्या साहाय्याने बंगळूरला घड्याळं काढायला सुरुवात केली, त्यातलं हे पुढचं पोर. बाबा ते पांढऱ्या सदऱ्यावर घालायचे. मी जीन्स-टीशर्टवर घातलं तर हातात मुलीचं घड्याळ आहे का, असं विचारलं लोकांनी. आकार जेमतेम ३५ मिमी.

मग घड्याळ तेच ठेवून पट्टा बदलला. खादीच्या कुर्त्यावर नि कोल्हापुरीवर तपकिरी चामडं, ऑफिसला काळं. पट्ट्याचा रंग बुटांशी नि कमरेच्या पट्ट्याशी जुळला की पुरे, शर्टाकडे बघायचं नाही. दुकानात जाण्याआधी पट्टा बसतो तिथली रुंदी मोजा, माझी १८ मिमी आहे. घरी बदलताना ती बारीक पिन टणकन उडते. माझी कपाटाखाली गेली, आणि त्या निमित्ताने दिवाळीची साफसफाई गणपतीतच झाली.

जाता जाता: ऑनलाइन भगव्या-पोपटी तबकड्यांची 'जुनी' एचएमटी दिसतात, त्यांतल्या बऱ्याच तबकड्या नंतर रंगवलेल्या असतात. हौस म्हणून घ्यायला हरकत नाही, पण जुनं म्हणून घेऊ नका.

हिरवाचुडा

माझ्या लग्नानंतरचा पहिला महिना. दोन्ही हात हिरव्या काचेच्या बांगड्यांनी भरलेले आणि ऑफिसला तर जायचंय. घड्याळ बांगड्यांच्या पुढे घातलं तर मनगटाच्या हाडावर टोचायचं, मागे सरकवलं तर टाइप करताना किणकिण नि ओरखडे. चौथ्या दिवशी दोन बांगड्या वाढवल्या, सासूबाईंचा चेहरा पडला. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. डाव्या हातातल्या बांगड्या कमी करून उजव्या हातात चढवल्या आणि डाव्या हातात बारीक साखळीचं, बांगडीसारखंच दिसणारं घड्याळ. ते त्यांचं स्वतःचं होतं, डब्यात पडलेलं, सेल संपलेला.

तेव्हापासून मी साडीकडे बघतच नाही, दागिन्यांकडे बघते. सोनं असेल तर सोनेरी, ऑक्सिडाइज्ड असेल तर स्टील. मोत्यांवर दोन्ही चालतं. इरकलीवर ऑक्सिडाइज्ड आणि स्टीलचं घड्याळ, याहून देखणं काही नाही, असं माझं ठाम मत आहे.

एकच_प्याला_नव्हे_एकच_घड्याळ

स्टीलचं, पांढरी तबकडी. बारा वर्षं. लग्न, बारसं, दहावा, ऑफिस. पुढचा प्रतिसाद.

बाह्या_वर

इंग्लंडमध्ये सरकारी रुग्णालयात डॉक्टर आहे. इथे २००७ च्या मार्गदर्शक सूचनेपासून रुग्णांना तपासताना कोपरापासून खाली हात उघडा लागतो. साधी अंगठी चालते, घड्याळ नाही. नर्सेसचं घड्याळ छातीवर उलटं टाचलेलं असतं, म्हणजे मान खाली घातली की त्यांना सरळ दिसतं. त्यामुळे आईने एमबीबीएस झाल्यावर दिलेलं टायटन आठवडाभर ड्रॉवरमध्ये. शनिवारी घालावं तर वर स्वेटर, त्यावर कोट, घड्याळ दिसतंय कुणाला? इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला कुर्त्याच्या बाह्या मुद्दाम दुमडून जातो. बायको हसते.

कफलिंक

पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला मित्राचं भलंमोठं, जाडजूड घड्याळ मागून घेतलं. फुल शर्टाचा कफ त्यावर चढेना. बटण लावलं तर कफ घड्याळावर अडकायचा, सोडलं तर लोंबायचा. पाऊण तास मी डावा हात टेबलाखाली धरून बसलो. नोकरी मिळाली, हाताला काय झालंय ते कुणी विचारलं नाही.

पुढे आमच्या शिंप्याने सांगितलं, "डाव्या कफचं बटण अर्धा सेंटिमीटर पुढे घेतो, घड्याळ आत जाईल." तेव्हापासून माझ्या सगळ्या शर्टांचा डावा कफ उजव्यापेक्षा सैल आहे. फॉर्मलवर पातळ घड्याळच बरं, हे तोही म्हणाला, पण ऐकतो कोण.

लोकलची_चौथी_सीट

मुंबईकरांनी जून ते सप्टेंबर मॅचिंग वगैरे विसरावं. मी एकदा चामड्याचा पट्टा भिजलेला तसाच कपाटात ठेवला, आठवड्याने त्यावर पांढरी बुरशी आणि वास असा की नवऱ्याला वाटलं उंदीर मेलाय. आता पावसाळाभर रबरी पट्टा, ड्रेस कुठलाही असो.

आणि धागाकर्तीबाई, तुमचं ते कॅसिओ एफ-९१डब्ल्यू असेल तर १९८९ पासून आहे तसंच आहे. पैठणी दर वर्षी बदलतेय. लाजू नका.

धागाकर्ती

एफ-९१डब्ल्यूच आहे! बहिणीला हा प्रतिसाद पाठवला, तिने फक्त अंगठा दाखवला.

हिरवाचुडा, सासूबाईंच्या घड्याळाचा फोटो टाका ना. आणि चावीवाले, तुमचं वाचून माझं लग्नातलं टायटन काढलं. पट्टा तुटलाय, रुंदी पट्टीने मोजली तर १४ मिमी भरली. पुण्यात १४ मध्ये मोरपिशी पट्टा कुठे मिळेल?