दक्षिण टिरोलमधले विसरलेले वास्तुकार शोधायचे कसे?

पागोळी:
मी पुण्याची. आर्किटेक्चर शिकले, सध्या मिलानला असते. गेल्या सप्टेंबरात उत्तर इटलीतल्या दक्षिण टिरोलमध्ये, बार्बियान गावाहून ड्रायकिर्खेनला चढून गेले. वर स्वतःची गाडी नेता येत नाही. घामाघूम होऊन पोचलं की एकमेकींना बिलगलेली तीन चिमुकली चर्चेस दिसतात. मी गेले होते वास्तुकार लोइस वेल्त्सनबाखरचं १९२३ सालचं सेतारी घर बघायला, पण पाय अडकले ते ब्रिओल नावाच्या जुन्या गेस्टहाउसपाशी. त्याला आजचं रूप १९२८ साली हुबर्ट लांत्सिंगरनं दिलं, आणि तो तर चित्रकार होता!

तेव्हापासून एकच विचार डोक्यात आहे. इथल्या मुख्य शहराचं, बोल्झानोचं, नाव काढलं की वास्तुकार पियाचेंतिनीचं १९२८चं विजयस्मारक सगळ्यांना आठवतं. पण दऱ्याखोऱ्यांतल्या शाळा, खानावळी, घरं बांधणारे जर्मनभाषक वास्तुकार कोण होते? इटालियन कॅटलॉगमध्ये शोधून दमले. सुरुवात कुठून करू?

डोंगरवाट:
मी ऑस्ट्रियात, इन्सब्रुकला राहतो. आधी नावांची वही कर. बोल्झानो म्हणजे बोत्सेन, ब्रेसानोने म्हणजे ब्रिक्सन, तुझं ड्रायकिर्खेन म्हणजे त्रे किएझे. १९१९च्या सेंट-जर्मेन तहात हा मुलूख ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला आणि १९२३ पासून जर्मन गावनावं वापरायला बंदी आली. माणसांचंही तेच: योसेफ हा कागदावर जुझेप्पे होतो. एकाच नावानं शोधलंस तर अर्धा माणूस हाती लागेल.

तहाआधी टिरोल एकच होतं, त्यामुळे इकडे यावंच लागेल. वेल्त्सनबाखरचे कागद इन्सब्रुक विद्यापीठाच्या वास्तुकला संग्रहात आहेत. हा संग्रह आडामब्रॉय या बिअर कारखान्याच्या जुन्या इमारतीत आहे, आणि ती इमारतही वेल्त्सनबाखरचीच, १९२० च्या दशकातली. नकाशे उलगडण्याआधी जिना नीट बघ.

दप्तरदार:
मी वास्तुकार नाही, जुन्या कागदांचा माणूस आहे. माझा सल्ला: वास्तुकाराला नको, घराला धरा. दक्षिण टिरोलमध्ये ऑस्ट्रियाच्या काळची जमीननोंदणी, म्हणजे ‘ग्रुंडबुख’, अजून चालू आहे. आपल्या सातबाऱ्यासारखा गट नंबर तिथे इमारतीलाही असतो. त्यावरून मालक सापडतो. वास्तुकाराचं नाव तिथे मिळणार नाही, पण मालकाचं नाव आणि साल हाती आलं की बोत्सेनच्या टेसमान ग्रंथालयानं ऑनलाइन ठेवलेली जुनी वर्तमानपत्रं चाळा. नव्या हॉटेलाचं उद्घाटन, कंत्राटाची जाहिरात, मृत्युलेख: नावं तिथेच सांडलेली असतात.

एक अडचण सांगून ठेवतो. छापील मजकूर फ्राक्टुर या जुन्या जर्मन वळणात आणि हस्तलिखित कुरेंट या जुन्या जर्मन हस्ताक्षरात असतो. मी मोडी शिकलो तेव्हा पहिला महिना एकेक अक्षर लावण्यात गेला होता. इथेही तेच होईल. रोज अर्धं पान वाचा, सोडू नका.

डोंगरवाट:
एक राहिलं. १९३९ साली तिथल्या जर्मनभाषकांना ‘जर्मनीत जा, नाहीतर इटालियन होऊन राहा’ असं निवडायला लावलं. बहुतेकांनी जाणं निवडलं, प्रत्यक्षात सुमारे ७५ हजार गेले. एखाद्याचा माग त्या सुमारास तुटला तर तो मेला असं धरू नकोस, सीमेपलीकडे शोध. आणि लांत्सिंगरबद्दल लिहिशील तेव्हा त्यानं पुढे हिटलरचं चिलखतातलं चित्र रंगवलं, हेही लिही. सुंदर घराच्या आड ते लपवू नये.

पागोळी:
लिहीन, नक्की लिहीन. हे वाचून मी थोडा वेळ सुन्न झाले होते, कारण त्या ओसरीवर मी दोन तास मनापासून रमले होते.

दप्तरदारकाका, तुमचं पटलं. दहा वास्तुकारांची यादी करणार होते, ती फाडली. बार्बियान गावातली एकच खानावळ घेते. तिच्या दाराचा फोटो माझ्याकडे आहे, नंबर पुढच्या खेपेला काढीन. कुरेंटची सुरुवात आज रात्रीपासून. अडलेल्या ओळींचे फोटो इथेच टाकले तर बघाल ना?

दप्तरदार:
टाका. सोबत एक पट्टी ठेवून फोटो काढा, अक्षराचा आकार कळतो.