नुसतं नाव बदलून काय होणार?
२०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली' या गोरेपणाच्या क्रीमचं नाव 'ग्लो अँड लव्हली' झालं, म्हणजे गोऱ्या रंगाच्या वेडाचा विषय मिटला, असं कुणीतरी लिहिलंय. मला ते अजिबात पटत नाही. १९७५ पासून पंचेचाळीस वर्षं जे घराघरांत बिंबवलं, ते एका शब्दाने कसं पुसलं जाईल?

जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्येच नियम केला होता की काळ्या-सावळ्या माणसाला दुःखी, अनाकर्षक किंवा लग्न-नोकरीत मागे पडलेलं दाखवायचं नाही. चांगलाच नियम. पण रडणारी सावळी मुलगी गेली, तिच्या जागी हसणारी सावळी मुलगी मला तरी क्वचितच दिसते. दागिन्यांच्या, साड्यांच्या जाहिराती बघा.

माझं स्थळ सांगताना मावशी म्हणायची, "रंगाने सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस." तो 'पण' अजून टोचतो. तिचा दोष नाही, तिनेही तेच ऐकलेलं.

आणि केस! शाम्पूच्या जाहिरातीत कुरळे केस बहुधा 'आधी'च्या चित्रात, सरळ केस 'नंतर'च्या. माझ्या लेकीचे केस माझ्यासारखेच दाट कुरळे आहेत. परवा वेणी घालताना तिने विचारलं, "आई, माझे कधी सरळ होणार?"