परदेशातल्या नव्या नोकरीत ‘हो’ नेमके कधी म्हणावे?

प्रश्न (नवागत):
परदेशात एका कंपनीत रुजू होऊन मला सहा आठवडे झाले. आमच्या गटात सात देशांतून आलेले नऊ जण आहेत आणि इंग्रजी ही त्यांतल्या एकाचीच मातृभाषा आहे. काम अवघड नाही, पण बैठका अवघड जातात. मागच्या आठवड्यात व्यवस्थापकांनी ‘हे शुक्रवारपर्यंत होईल का?’ असे विचारले आणि मी सवयीने ‘हो, प्रयत्न करतो’ असे म्हणून मोकळा झालो. शुक्रवारी काम अर्धवट दिसल्यावर त्यांनी सगळ्यांदेखत विचारले, ‘मग तेव्हाच “नाही” का म्हणाला नाहीत?’ त्यांच्या आवाजात राग नव्हता, निव्वळ आश्चर्य होते, आणि तेच मला जास्त लागले. उलट, एका ब्रिटिश सहकारी बाईंनी माझ्या आराखड्याला ‘क्वाइट गुड’ म्हटले तेव्हा मी खूश झालो होतो; तो त्यांना बेताचाच वाटला होता, हे नंतर कळले. कोणाशी किती स्पष्ट बोलावे, हे ठरवायचे कसे?

उत्तर १ (बारा वर्षे बाहेर):
आपला ‘हो’ पुष्कळदा ‘ऐकले’ एवढ्याच अर्थाचा असतो, आणि ‘प्रयत्न करतो’ हा तर सभ्य नकारच. मात्र हे फक्त आपल्यालाच ठाऊक असते. डच संशोधक गेर्ट हॉफस्टेड यांनी १९६७ ते १९७३ या काळातील आयबीएमच्या अनेक देशांतील कर्मचाऱ्यांची उत्तरे अभ्यासून, वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यातील अंतर लोक किती गृहीत धरतात याचा निर्देशांक मांडला. त्यात भारताचे गुण ७७ आहेत, तर डेन्मार्कचे १८; गुण जितके जास्त, तितके हे अंतर अधिक गृहीत धरले जाते. वरिष्ठांना तोंडावर ‘नाही’ म्हणताना आपली जीभ का अडखळते, हे यावरून थोडेफार उमगते. मी स्वतःला एक सवय लावून घेतली. नुसते ‘हो’ न म्हणता मी असे सांगतो: ‘पहिले दोन भाग शुक्रवारी देईन; तिसऱ्यासाठी लागणारी आकडेवारी बुधवारपर्यंत हाती आली, तर तो सोमवारी मिळेल.’ बैठक संपल्यावर हेच चार ओळींत ईमेलने पाठवतो, कारण बैठकीतले मौन हे कोणी संमती समजते, तर कोणी नाराजी.

उत्तर २ (शंकेखोर):
सवय चांगली आहे, पण त्या आकड्यांवर फार भिस्त ठेवू नये. ते देशाच्या सरासरीचे आहेत, शेजारच्या खुर्चीतल्या माणसाचे नव्हेत. डच माणसे फटकळ असतात असे ऐकून मी पहिल्या दिवशी कंबर कसून गेलो होतो. प्रत्यक्षात माझे डच सहकारी इतके भिडस्त निघाले की माझी चूक त्यांनी तीन दिवस मनातच ठेवली. म्हणून माणसालाच विचारावे, आणि तेही नेमके. ‘कसे वाटले?’ या प्रश्नावर ‘छान’ हेच उत्तर मिळते. ‘यातले सर्वांत आधी काय बदलाल?’ असे विचारले की ‘क्वाइट गुड’च्या पोटातले बाहेर येते.

उत्तर ३ (वेळापत्रकवाली):
संस्कृतीइतकाच घोळ घड्याळ घालते. ब्रिटिश माणूस ‘हाफ एट’ म्हणतो तेव्हा साडेआठ वाजलेले असतात, आणि जर्मन माणूस शब्दशः तेच म्हणणारे ‘हाल्ब आख्ट’ उच्चारतो तेव्हा साडेसात. यापायी मी एकदा रिकाम्या बैठकखोलीत तासभर बसले आहे. उन्हाळ्यासाठी घड्याळे तासभर पुढे करतात, ती अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि युरोपात शेवटच्या, त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे दोन्हीकडच्या सामाईक बैठका तासाने सरकतात. ०३/०४ ही तारीखही कोणी ३ एप्रिल वाचतो, तर कोणी ४ मार्च. म्हणून महिना अक्षरांत लिहावा. जपानी, कोरियन आणि हंगेरियन नावांत आडनाव आधी येते, तेव्हा कोणत्या नावाने हाक मारावी हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे. सहा महिन्यांनी विचारणे फार ओशाळवाणे होते.

प्रश्नकर्ता (नवागत):
सर्वांचे आभार. आज व्यवस्थापकांना दोन भागांचीच तारीख दिली आणि तिसरा कशासाठी अडला आहे तेही सांगितले. ते ‘ठीक’ म्हणून पुढच्या विषयाकडे वळले. ज्या उत्तरासाठी मी रात्रभर शब्द जुळवत होतो, ते अर्ध्या मिनिटात आटोपले. त्या ब्रिटिश बाईंना मात्र ‘आधी काय बदलाल?’ असे विचारले, तेव्हा त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता पहिल्या परिच्छेदावर बोट ठेवले. मला तोच सर्वांत जमलेला वाटत होता.