व्हॅरेनिक्लिनचा आज नववा दिवस, सिगरेट बेचव झालीये पण सुटत नाहीये. गोळी बंद करू का?

अर्धवट_धूर

१८ वर्षं झाली, रोज एक पाकीट म्हणजे २० धरा, कामाचं टेन्शन असलं की जास्तच. दोनदा नुसत्या जोरावर सोडून बघितली, पहिल्यांदा चार दिवस आणि दुसऱ्यांदा अकरा दिवस टिकलो, मग एकदा निकोटिनचं च्युइंगगम झालं, त्याने उचक्या लागण्यापलीकडे काही झालं नाही. आता डॉक्टरांनी व्हॅरेनिक्लिन लिहून दिलंय. पहिले तीन दिवस ०.५ मिग्रॅ एकदा, मग चार दिवस तीच दोनदा, आणि आठव्या दिवसापासून १ मिग्रॅ सकाळ-संध्याकाळ. आठवा दिवस हाच सोडायचा दिवस ठरवला होता, म्हणजे काल.

तर काल ६ ओढल्या. आज आत्तापर्यंत ४. गंमत म्हणजे ओढताना काहीच वाटत नाही, गवत जाळून ओढल्यासारखं, अर्ध्यात विझवतो, आणि तरी तासाभराने हात खिशात जातोच. सकाळची गोळी घेतली की अर्ध्या तासात पोटात असं ढवळतं की बेसिन गाठावं लागतं (गोळी उठल्या उठल्या कॉफीच्या घोटाबरोबर घेतो). रात्री स्वप्नं इतकी खरी पडतायत की उठल्यावर दोन मिनिटं कळत नाही आपण कुठे आहोत. बायकोने कुठेतरी वाचलं की या गोळीने माणसं डिप्रेशनमध्ये जातात, आत्महत्येचे विचार येतात, तेव्हापासून ती माझ्या तोंडाकडेच बघत असते. म्हणते बंद कर. ठरलेला दिवस तर हुकलाच, मग आता चालू ठेवण्यात अर्थ आहे का? कोणी घेतलीये का ही गोळी?

थोटूक_बंद

मी घेतलीये, दोनदा, आणि दुसऱ्यांदा का लागली ते सांगतो कारण ते महत्त्वाचं आहे.

आधी तुमचं. आठव्या दिवशी नाही सुटली म्हणून हुकलं असं नाही हो. माझी १९व्या दिवशी सुटली. माझ्या डॉक्टरांचं म्हणणं होतं की गोळी सुरू केल्यावर ८ ते ३५ दिवसांत कधीही सोडायचा दिवस ठरवला तरी चालतो. तुम्ही २० वरून ६ वर आलाय आणि स्वतःला नापास करताय राव!

बेचव लागतेय म्हणजे गोळी तिचं काम करतेय. पण ती हाताचं काम करत नाही. मला हे कळायला वेळ लागला. तलफ गेली होती, पण फोन वाजला की लायटर शोधायचो, गाडीत बसलो की काच खाली करायचो, ओढायची इच्छा नसताना. १८ वर्षं रोज २०, हिशोब करा, लाखाच्या वर वेळा हात तोंडाकडे गेलाय, तो नऊ दिवसांत कसा विसरेल. मी एक केलं, अठराव्या रात्री घरातली, गाडीतली, ऑफिसच्या ड्रॉवरमधली सगळी पाकिटं, लायटर, अॅशट्रे सकट फेकलं. विकत आणायला उठावं लागलं की मधे पाच मिनिटं मिळतात आणि तलफ तेवढीच असते, आली तशी जाते.

आता माझी चूक. पहिल्या वेळी पाचव्या आठवड्यात वाटलं झालं, जिंकलो, रोज कशाला गोळ्या, आणि बंद केल्या. सातव्या आठवड्यात एका पार्टीत दोन पेग झाल्यावर "एकच" म्हणून घेतली. ती तर मस्त लागली कारण गोळीच नव्हती पोटात!! महिन्याभरात परत पाकिटावर. दुसऱ्या वेळी १२ आठवडे पूर्ण केले, वर डॉक्टरांनी आणखी १२ दिले तेही केले. तीन वर्षं झाली.

आणि दारू जपून. या गोळीवर काहींना कमी दारूत जास्त चढते, नंतर काही आठवत नाही असंही होतं.

सरळसोट

गोळ्याबिळ्या सगळं नाटक आहे. मनाचा निग्रह पाहिजे. माझ्या काकांनी एका दिवसात सोडली, आज वीस वर्षं झाली.

थोटूक_बंद

काकांना नमस्कार. पण अर्धवट_धूर यांनी दोनदा जोर लावून बघितलाय, वर लिहिलंय, वाचा की जरा.

गोळीवाली

मी फार्मसिस्ट आहे, तुमची डॉक्टर नाही, तेव्हा डोस कमी-जास्त करायचा तर ज्यांनी लिहून दिलंय त्यांनाच फोन करा.

मळमळ: उपाशीपोटी कॉफीच्या घोटाबरोबर घेताय, मग ढवळणारच. नीट खाऊन, भरल्या पोटी, आणि अख्खा ग्लासभर पाण्याबरोबर घ्या. हा या गोळीचा सगळ्यात कॉमन त्रास आहे, साधारण दहातल्या तिघांना होतो, आणि तुमचा डोस तर कालच वाढलाय. बहुतेकांचं काही दिवसांत बसतं. नाहीच बसलं तर डॉक्टर डोस उतरवून देतात, म्हणून लगेच बंद करायची गरज नसते. किडनीचा काही त्रास असेल किंवा पूर्वी कधी फिट आली असेल तर ते मात्र डॉक्टरांना सांगितलंय ना बघा, किडनी फारच कमजोर असेल तर डोसच निम्मा असतो.

स्वप्नं: संध्याकाळची गोळी झोपताना घेत असाल तर ती आधी सरकवा, रात्रीच्या जेवणानंतर लगेच. स्वप्नं थोडीफार पडतीलच, पण झोप मोडायची कमी होते.

बेचव का लागते तर, सिगरेटमधलं निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं आणि तिथल्या ठराविक रिसेप्टरला चिकटतं, त्यातून डोपामिन सुटतं, तीच ती मजा. व्हॅरेनिक्लिन त्याच जागेवर आधीच जाऊन बसतं. थोडंसं डोपामिन तेही सोडतं म्हणून तुम्ही अगदी कासावीस होत नाही, आणि जागा अडवून बसल्यामुळे सिगरेटच्या निकोटिनला टेकायला जागा उरत नाही. (हे औषध सायटिसिन नावाच्या रसायनावरून बनवलंय, ते लॅबर्नमच्या बियांत सापडतं आणि पूर्व युरोपात सिगरेट सोडायला १९६० च्या दशकापासून वापरतात. आता कोणी बिया शोधायला जाऊ नका, झाड विषारी आहे. आणि बहाव्याला इंडियन लॅबर्नम म्हणतात ते झाडच वेगळं.)

वहिनींना सांगा त्यांनी वाचलंय ते खोटं नाही, जुनं आहे. २००९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने याच कारणासाठी या औषधावर सगळ्यात कडक इशारा लावला होता. मग आठ हजारांवर लोकांवर मोठी चाचणी झाली, त्यात निम्म्यांना आधीपासून मानसिक आजार होता, एका गटाला व्हॅरेनिक्लिन, एकाला ब्युप्रोपिऑन (सिगरेट सोडायचं दुसरं औषध), एकाला निकोटिनचा पॅच आणि एकाला नुसती खोटी गोळी. २०१६ मध्ये निकाल आला, गंभीर मानसिक त्रास या औषधांनी लक्षात येण्याइतका वाढलेला दिसला नाही, आणि सोडण्यात व्हॅरेनिक्लिन सगळ्यात पुढे होतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो इशारा काढला. तरी वहिनी लक्ष ठेवतायत ते ठेवू द्या. सिगरेट सोडली की चिडचिड आणि उदासी गोळी न घेताही येते, पण वागणं एकदम बदललं, नको ते विचार आले तर गोळी थांबवून लगेच डॉक्टर गाठायचा.

अजून एक, जे कोणी सांगत नाही. सिगरेटच्या धुरामुळे लिव्हर कॅफिन भराभर संपवतं. धूर बंद झाला की तीच कॉफी अंगात जास्त वेळ राहते, छाती धडधडते, झोप उडते, आणि माणूस म्हणतो सिगरेट सोडल्यामुळे बेचैन झालो. कॉफी निम्मी करा. दम्याचं थिओफिलिन, मानसिक आजारातलं क्लोझापिन किंवा ओलान्झापिन चालू असलेल्यांनी तर सोडण्याआधीच डॉक्टरांना सांगायला हवं, त्यांचे डोस बदलावे लागतात.

रात्रपाळी

मला व्हॅरेनिक्लिन झेपलं नाही, डोस कमी करूनही आठवडाभर उलट्या. मग ब्युप्रोपिऑन दिलं, मुळात डिप्रेशनचं औषध आहे हे. तोंड सतत कोरडं आणि झोपेचं खोबरं, कारण दुसरी गोळी मी झोपायच्या जरा आधी घ्यायचो, ती दुपारी लवकर घ्यायला लागल्यावर निभावलं. फिट येणाऱ्यांना हे देतच नाहीत. सुटली, पण वजन पाच किलो वाढलं ते अजून तसंच आहे. हे आधीच सांगून ठेवतो, नंतर आरशात बघून सिगरेटकडे पळू नका.

अर्धवट_धूर

सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितोय. गोळी चालू ठेवली. खाऊन आणि ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायला लागलो, तिसऱ्या दिवसापासून ढवळणं जवळपास गेलं. डॉक्टरांनाही फोन केला, ते म्हणाले चालू ठेवा, नवीन तारीख धरा. सोळावा दिवस धरला. आदल्या रात्री बायकोनेच लायटर गोळा केले, सात निघाले, एक तर बुटात होता, तिथे कसा गेला देव जाणे.

आज सुटून सहावा दिवस. खोकला उलट वाढलाय आणि पोट साफ होत नाही, त्याचं काही असेल तर सांगा. आणि परवा स्वप्नात अख्खी सिगरेट ओढली, चवीसकट, उठून पहिलं काम काय केलं तर बायकोला उठवून सांगितलं की मी ओढलेली नाहीये.

गोळीवाली

खोकला काही आठवडे राहील, श्वासनळीतले बारीक केस परत हलायला लागलेत, कफ वर ढकलतायत. रक्त पडलं, ताप आला किंवा महिन्यानंतरही थांबला नाही तर दाखवा. पोटाचं सिगरेट सोडल्यानेही होतं आणि गोळीनेही, पाणी वाढवा, चाला. आणि वहिनींना झोपू द्या.