उत्तरेकडील अथापास्कन शिकारी समाजांतील कुळ आणि सोयरीक

प्रश्न (वाई, जि. सातारा): आपल्या भागात मामाची मुलगी करतात, आत्याची सहसा करत नाहीत. वायव्य कॅनडातील अथापास्कन शिकारी समाजांत असे काही नियम होते का, आणि कूळ कोणाकडून चाले?

प्रतिसाद (मिरज): सर्वांचा नियम एक नव्हता. युकॉनमधील दक्षिण टचोनी समाज लांडगा आणि कावळा अशा दोन गटांत विभागलेला असून मूल आईच्या गटाचे ठरते, तर जोडीदार दुसऱ्याच गटातला असावा लागतो; त्यामुळे बाप आणि मूल कधीच एका गटात नसतात. मॅकेन्झी खोऱ्यातील स्लेव्ही आणि डॉग्रिब यांच्यात मात्र अशी कुळेच नव्हती.

प्रतिसाद (कराड): कुळाविना टोळी टिकते कशी, हा मला अधिक रंजक भाग वाटतो. तिथे नाते आईवडील दोघांकडून धरले जाई, आणि ज्या तळावर भाऊ, बहीण, सासरा किंवा मेव्हणा असेल तिथे कुटुंबाला जाऊन राहता येई. कॅरिबू (उत्तरेकडील रानटी रेनडिअर) आणि मासे यांचा भरवसा नसलेल्या मुलखात ही मोकळीक म्हणजे जगण्याची तजवीजच होती. लग्नानंतर जावई काही काळ सासऱ्यासाठी शिकार करी. आपल्याकडच्या घरजावयासारखा कायमचा मात्र नव्हे.

प्रश्नकर्ता: मग टचोनींत मामाची मुलगी चालेल?

प्रतिसाद (मिरज): केवळ गटाचा नियम पाहिला तर मामाची आणि आत्याची, दोघीही दुसऱ्या गटातल्या ठरतात, मावशीची आणि चुलत्याची मुलगी मात्र स्वतःच्याच गटात येते, म्हणून वर्ज्य.