मदत हवी आहे: फायब्रोमायल्जियासाठी टीएमएस ट्रीटमेंट कोणी घेतली आहे का?

नमस्कार मंडळी,

ताईसाठी विचारतेय. लांबलचक होणार आहे पण प्लीज पूर्ण वाचा. ताई वेंगुर्ल्याजवळ असते, पन्नाशीला आलीये, लग्न झाल्यापासून काजूच्या फॅक्टरीत सोलायच्या कामाला जायची. आधी मान आणि खांदे दुखायचे, सगळ्यांना वाटलं बसून बसून अंग धरलंय, मग पाठ, कंबर, मांड्या, पोटऱ्या असं करत करत आता अख्खं अंग. सांध्यांना सूज नाही, ताप नाही, मांसच ठणकतं म्हणते. सकाळी उठते तीच दमलेली. गणपतीत गेले होते तेव्हा मोदकांची उकड मळायला बसली आणि थोड्याच वेळात परात माझ्याकडे सरकवली, काही बोलली नाही, बोटं पदरात गुंडाळून नुसती बसून राहिली. वेणीसुद्धा मुलगी घालून देते कारण हात वर धरवत नाहीत. फॅक्टरी सुटलीच.

आरए फॅक्टर, सीआरपी (संधिवात आणि सूज बघायच्या रक्ततपासण्या), थायरॉइड सगळं नॉर्मल. डी व्हिटॅमिन कमी होतं, त्याचा कोर्स झाला. एका डॉक्टरांनी तर रिपोर्ट बघून "तुम्हाला काही झालेलं नाही, मन रमवा" म्हणून परत पाठवलं, ते तिला इतकं लागलं की नंतर बरेच दिवस कुठे दाखवायलाच तयार नव्हती. शेवटी भावोजी तिला कोल्हापूरला संधिवाताच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले, त्यांनी निदान केलं फायब्रोमायल्जिया. त्यांनी सांगितलं की स्नायू खराब झालेले नाहीत, मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेचा आवाज रेडिओसारखा मोठा करून ठेवतात, म्हणून साधं दाबलं तरी कळ जाते. दुखणं खरंच आहे, असं कोणीतरी पहिल्यांदा म्हटलं म्हणून ताई तिथेच रडली.

प्रीगाबालिनच्या गोळीने चक्कर आणि गुंगी यायची म्हणून ती बंद केली, सध्या ड्युलोक्सेटीनची गोळी चालू आहे, थोडं चालणं आणि फिजिओ. फरक आहे पण पुरेसा नाही. आता डॉक्टर म्हणतायत की आरटीएमएसचा (टीएमएसचे पल्स परत परत द्यायची पद्धत) विचार करा, म्हणजे डोक्यावर कॉइल धरून चुंबकाचे झटपट पल्स देतात. दहावीत शिकलो तेच फॅरेडेचं तत्त्व, चुंबकीय क्षेत्र पटकन बदललं की मेंदूच्या वरच्या थरात बारीक करंट तयार होतो. माणसावर हे पहिल्यांदा १९८५ मध्ये इंग्लंडमध्ये शेफील्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी करून दाखवलं, आणि डिप्रेशनसाठी अमेरिकेत २००८ पासून मान्यता आहे. वेदनेसाठी बहुतेक वेळा डाव्या बाजूच्या मोटर कॉर्टेक्सवर (मेंदूचा हालचाल सांभाळणारा भाग) देतात, १० हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला दहा पल्स. हालचालीच्या जागेवर दिलं की वेदना दाबणारी आतली सर्किट्स जागी होतात असा त्यामागचा विचार.

वाचून मी मात्र अडकले. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२० च्या गाइडलाइनमध्ये नसांच्या दुखण्यासाठी याला सगळ्यात वरची श्रेणी आहे, फायब्रोमायल्जियासाठी एक पायरी खाली, म्हणजे "बहुधा उपयोग होतो". आणि २०१८ चा कॉक्रेन रिव्ह्यू (आधीचे सगळे अभ्यास एकत्र तपासणारा अहवाल) म्हणतो की जुन्या दुखण्यात फायदा छोटा आणि थोड्या काळापुरता, पुरावाही फार भक्कम नाही. मग एवढा खटाटोप करायचा का? ज्यांनी प्रत्यक्ष घेतलंय त्यांचं ऐकायचंय.

घरी आई आधीच घाबरलीये, "डोक्याक करंट? नको गो बाय." तिला समजावलं की हे शॉक ट्रीटमेंट नाही, भूल देत नाहीत, मुद्दाम फिट आणत नाहीत, जागेपणी खुर्चीत बसायचं, टकटक आवाज येतो म्हणून कानात बोळे घालतात आणि संपलं की चालत घरी. आधी हाताचा अंगठा हलेल इतपत पल्स देऊन ताकद ठरवतात, तेही सांगितलं. पटलंय असं वाटत नाही.

माझी खरी भीती वेगळी आहे, टीएमएसने क्वचित फिट येऊ शकते त्याची. ताईला लहानपणी तापात फिट आली होती आणि फारच दुखलं की ती ट्रामाडॉल (वेदनेची गोळी) घेते, त्यानेही फिटची शक्यता वाढते असं कळलं. डॉक्टरांना हे दोन्ही सांगणारच आहोत, पण असं असताना कोणाला घेतलं की नाकारलं, काही आधी तपासण्या करायला लावल्या का? पेसमेकर, कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवतात ते यंत्र), डोक्यात क्लिप असलं काही तिला नाही.

दुसरं म्हणजे जायचं कुठे. आठवड्याचे पाच दिवस रोज सेशन, असं निदान दोन आठवडे आणि मग फायदा झाला तर टिकवायला अधूनमधून परत. कुडाळहून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठायची म्हणजे बसून बसूनच ती आडवी होईल, मिळालेला आराम प्रवासातच जाईल. निम्हान्समध्ये (मेंदू आणि मनाच्या आजारांचं मोठं सरकारी हॉस्पिटल) टीएमएस आहे पण बंगळूर खूपच लांब. आमच्याकडची माणसं कायम बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) पळतात, तर तिथे किंवा पणजी, बेळगाव, कोल्हापूर भागात वेदनेसाठी हे कुठे करतात का? बरीच सेंटर्स फक्त डिप्रेशनसाठी घेतात असं ऐकलं. एका सेशनचे किती घेतले, आणि राहायची सोय कशी केलीत?

आणि एक विनंती, चुंबकाचे पट्टे, गाद्या, कडी कृपया सुचवू नका. भावोजींनी एक पट्टा आणून झालाय. ते नुसतं स्थिर चुंबक, त्याने मेंदूत कसलाही करंट तयार होत नाही, टीएमएसची कॉइल क्षणभर दीड-दोन टेस्लापर्यंत जाते, दोन्हींचा काही संबंध नाही.

ज्यांनी घेतलंय त्यांनी एवढं तरी नक्की लिहा: कितव्या सेशनला फरक जाणवला, झोप सुधारली का, डोकं दुखलं का, आणि थांबवल्यावर आराम किती टिकला. उपयोग झाला नसेल तरी तसं स्पष्ट लिहा. व्यनि केलात तरी चालेल.